पहिला चमचा

गाव भाज्या एकत्र पिकवायचं, बरण्यांत भरून एकत्र साठवायचं आणि एकाच स्वयंपाकघरात जेवायचं. नवी बरणी सकाळी उघडली की पहिला चमचा आजीचा, मग संध्याकाळी सगळ्यांची पंगत. या मानाचा आजीला भारी तोरा. शेजारणीला ती मुद्दाम ऐकवायची, "तुझी सून विचारते का तुला असं?"

आज सुनेने शेंगांची बरणी काढली. झाकण जरा फुगलं होतं. नात मांडीवर येऊन बसली, तशी आजी लाडात आली.

"आजचा मान माझ्या बाईचा. वाढदिवस आहे तिचा."

तिने चमचा नातीच्या ओठांशी नेला. सुनेने झडप घालून आजीचं मनगट धरलं.

"तिला नको, आई."

"का गं? एक घास तर आहे."

"तिला संध्याकाळी देऊ. तुम्हाला काही झालं नाही तर."

स्वयंपाकघरात सगळ्या बायका खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या.

आजीने नातीला मांडीवरून उतरवलं, चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि सवयीने म्हणाली, "झकास."

सुनेने तिला नेहमीसारखी खुर्ची दिली आणि घड्याळात पाहिलं.