फक्त हो म्हणायचं

किटलीच्या तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात. बघणाऱ्याला वाटतं, पाणी उकळायला लागलं. ते उकळणं नसतं. पाण्यात विरघळलेली हवा तेवढी बाहेर पडत असते. खरी उकळी अजून लांब असते. ओट्याला टेकून ती त्या बुडबुड्यांकडे बघत होती. किटली विजेवरची, काचेची होती, नवी होती आणि फुकट मिळालेली होती.

"झकास आहे ना?" नवरा म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्याने कुणाचं तरी शिवणयंत्र उघडून ठेवलं होतं. दुकानात न संपलेलं काम तो रविवारी घरी आणायचा. आज फोनही शेजारीच ठेवला होता. "आता येईलच त्यांचा फोन. दोघांनी फक्त हो म्हणायचं. ते रेकॉर्ड होतं, की झालं पक्कं."

"आणि नाही म्हटलं तर?"

तो हसला. "त्यांच्याकडे पोटभर जेवून, वर किटली घेऊन? कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

"फुकट ते पौष्टिक," ती म्हणाली आणि पुन्हा किटलीकडे वळली. रविवार असूनही तिची सकाळ लॅबमध्ये गेली होती. उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त काढायचं, मग मान मोडेस्तोवर सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजायच्या. आताशा बसलं की पाय ठणकायचे आणि उभं राहिलं की कंबर.

मागच्या रविवारी त्या फुकटच्या जेवणानंतर, किटली हातात द्यायच्या आधी, टाय लावलेल्या एका मुलाने त्यांना तळ्याकाठची खोली दाखवली होती. दर वर्षी एक आठवडा ही खोली तुमची, काकू, पंचवीस वर्षं. बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. एकीत बसून तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "इथून उठूच नये असं वाटतंय." खरं तर कुठलीही खुर्ची असती तरी ती तेच म्हणाली असती. पण नवऱ्याने तो शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा उचलला. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं चालती करणाऱ्या त्या माणसाला बायकोसाठी पहिल्यांदाच काही मोठं करायला सापडलं होतं. सही करताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिनेही मुकाट्याने खाली आपली सही केली.

परतताना बसमध्ये तिला उमगलं. हप्ते तिच्या पगारातून जाणार होते. ते फिटेपर्यंत ती साठीला येणार होती. वर्षाकाठी एक आठवडा बसायला मिळावं म्हणून बाकीचे सगळे आठवडे उभं राहायचं.

नोकरी सोडायचं तिने मनाशी केव्हाच ठरवलं होतं. त्याच्या दुकानावर दोघांचं कसंबसं भागेल, हेही जोखून पाहिलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं. आधी मुलीचं शिक्षण होतं, मग तिचं लग्न, मग त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता हे.

फोन वाजला. त्याने घाईघाईने हाताचं तेल फडक्याला पुसलं. "हो. हो, बोलतोय. हो ताई, सगळं समजलं. हो, अगदी स्वखुशीने." मग उठून त्याने फोन तिच्या हातात दिला आणि परत यंत्रासमोर जाऊन बसला.

"मॅडम, तुम्ही यांच्या मिसेस ना?" फोनवरच्या मुलीचा आवाज बसलेला होता. मागे आणखी कितीतरी मुली कुणाकुणाला तेच विचारत होत्या.

"हो."

"अटी तुम्हाला समजावून सांगितल्यात ना?"

"हो."

"हप्त्यांची तारीख मान्य आहे ना?"

"हो," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच शिकवण आठवली. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. सुई टोचण्याआधी ‘तुम्ही अमुकच ना?’ असं कधी विचारायचं नाही. ‘नाव सांगा’ म्हणायचं. उपाशी, दमलेला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो, आणि मग एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं.

"आणि हे तुम्ही स्वखुशीने घेताय ना, मॅडम?"

समोर नवरा मान डोलावत होता. हो म्हण, हो म्हण.

"नाही," ती म्हणाली.

"सॉरी मॅडम, आवाज तुटला. हो म्हणालात ना?"

"नाही म्हणाले."

नवऱ्याची मान थांबली. "अगं," तो हळूच म्हणाला, "तुझ्यासाठीच तर घेतलं ना हे."

"माहितीये मला."

"मग कारण सांगावं लागेल, मॅडम." मुलीच्या आवाजात राग नव्हता. तीही दमलेली होती. "कारण टाकल्याशिवाय मला कॉल बंद करता येत नाही. काय लिहू?"

इतक्या वेळात पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता, की त्याला हो म्हणून भागणार नव्हतं. ओट्यावर पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि किटली खट्कन आपोआप बंद झाली. तिने नवऱ्यासमोरची खुर्ची ओढली, बसली आणि फोन कानाला तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "महिनाअखेरीला मी नोकरी सोडतेय."