लेनोराचा टोला

घंटेचा दोर सोडवायला एवाल्डनं हात वर केला, तेवढ्यात अल्विना मोर आत आली. जूनच्या उन्हात तिनं मयतीला घालायचा काळा कोट चढवला होता, हातमोजेसुद्धा.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. तो दोर राहू दे."

बाहेर क्रेन घरघरत होती. विटांच्या त्या जुन्या चर्चचा मनोरा कलला होता आणि दुपारच्या आत घंटा उतरवायची होती. ती जाणार डे मॉइन शहरातल्या संग्रहालयात. तिथे पोरांनी वाजवू नये म्हणून आतला लोलक काढून ठेवणार होते.

गावात कोणी गेलं की एवाल्ड ही घंटा वाजवायचा. जितकी वर्षं माणूस जगला तितके टोले. सगळं गाव हातातलं काम टाकून मोजायचं आणि आकड्यावरून माणूस ओळखायचं. अल्विनाची मोजणी मात्र दरवेळी एकानं जास्त भरायची. "अल्विना मेलेल्यालाही एक वर्ष फुकट जगवते," म्हणून लोक तिची टर उडवायचे. एवाल्ड त्यावर कधी हसला नव्हता.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी तिची लेनोरा गेली, अकरा दिवसांची. तेव्हाही दोर एवाल्डच्याच हातात होता. वर्ष पुरं झालेलं नसेल तर टोला नाही, हा नियम. पाद्रीबाबांनी नकारार्थी मान हलवली आणि एवाल्डनं दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. ती एवढीशी शवपेटी पायऱ्या उतरून गेली, तेव्हा फक्त बुटांचा आवाज येत होता. तो त्याला अजून ऐकू यायचा.

"तुझे टोले संपले की मला आणखी एक ऐकू येतो," अल्विना म्हणाली. "भांडी घासताना येतो, झोपेत येतो. घंटाच गेली तर तो कधी पडायचा रे?"

"अल्विना, नियम..."

"खड्ड्यात गेला तुझा नियम. ज्यांनी केला त्या सगळ्यांना तूच वाजवून पोचवलंस ना?"

क्रेनवाल्यानं दारातून डोकं आत घातलं. "आजोबा, आटपा की! की लग्न लावून घेताय दोघं?"

"गप बस," एवाल्ड म्हणाला आणि त्यानं टोपी काढली.

एकच टोला पाडणं सोपं नसतं. दोर ओढून लगेच अंगाच्या भारानं धरून ठेवावा लागतो, नाहीतर घंटा झुलून दुसरा देते. एवाल्डचे हात आता थरथरायचे. अल्विनानं न विचारता त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

टोला पडला. दोघं दोराला लोंबकळून राहिले, घंटा पुरती गप्प होईपर्यंत.

मग अल्विनानं हातमोजे काढून कोटाच्या खिशात घातले. "झालं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

खाली चौकात न्हाव्याची कात्री हवेतच थांबली होती. वाचनालयातल्या बाईंच्या हातात शिक्का तसाच उचललेला होता. कोर्टाच्या पायरीवर, धान्याच्या कोठारापाशी, सगळे मान वर करून उभे होते. सगळ्यांचं एक मोजून झालं होतं, आणि सगळे दुसऱ्याची वाट बघत होते.