एका खेपेत

"काकू, खरं सांगा. गोळी रोज घेता ना?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काकू स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली.

"मग हे टीएसएच असं चढत का चाललंय? थायरॉईड मंदावलं की हा आकडा वर जातो. गोळीने तो खाली यायला हवा. डोस दोनदा वाढवला, तरी चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. असंच चाललं तर उद्या हृदयावर येईल. मला नाही वाटत, गोळी पोटात जातेय."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय?" शेजारच्या खुर्चीतून काका उसळले. कुरिअर कंपनीत जन्मभर घरोघर पार्सलं पोचवलेला माणूस. रिटायर झाला तरी आवाज अजून चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. "मी देतो, माझ्या हाताने! एक दिवस चुकवला असेल तर सांगा तिला विचारून."

"कशी देता?"

झालं. काका सरसावूनच बसले. सकाळी उठल्या उठल्या आधी चहा टाकतो, म्हणाले. दूध जरा जास्त, तिला तसाच लागतो. मग ट्रेमध्ये चहा, थायरॉईडची गोळी आणि गुडघ्यांसाठी दिलेली ती कॅल्शियमची गोळी. "सगळं एका खेपेत! नोकरीत तेच शिकलो, एका कामासाठी दोनदा जिना चढायचा नाही. अंथरुणात नेऊन देतो आणि घेईपर्यंत समोरून हलत नाही." बक्षीस मिळायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"काका, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. आणि कॅल्शियम तर चार तास तिच्या आसपास फिरकायला नको. ते तिला आतड्यातच अडवून धरतं, रक्तात जाऊ देत नाही. काकूंना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. भर दुपारी झोपते म्हणून याच बायकोला त्यांनी किती बोल लावले होते! आळशी म्हणाले, सोंग म्हणाले, लेकीला फोन करून तिच्या तक्रारी केल्या. आणि रोज सकाळी तिचं औषध आपल्याच हाताने वाया घालवत होते.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"अगं, मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस? मी आपला शहाण्यासारखा रोज..."

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग बसक्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कुणी माझ्यासाठी चहा केला. तो परत कसा पाठवायचा, हेच मला कळेना."

काकांचे डोळे भरून आले. पण वाईट वाटलं की चिडायचं, एवढं एकच त्यांना येत होतं. बिचारे तेच करत बसले.

"बास झालं! माझ्या हाताला यशच नाही. उद्यापासून मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकणार नाही. गोळी आणि पाणी उशाशी ठेवत जा. तुझं तू घे."

"तेच बरं पडेल," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "डोस सध्या आहे तोच ठेवू. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

काकू एकदम पुढे सरकल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना इतक्या चपळाईने हलताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात धरला.

"डॉक्टर, त्यापेक्षा डोसच वाढवून द्या ना थोडा. चहा असू दे."