सातव्या पायरीवरची रांगोळी

कुंभकोणमच्या तळ्याची सातवी पायरी झिजून निसरडी झाली होती. १९५४च्या पोंगलला तिच्यावरून घसरून सरोजाअक्काचे यजमान गेले. पायरीचा पाया पाण्यात, तळं आटल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती, म्हणून अक्काच्या भावानं, आरोग्य निरीक्षक नटराजनं, तिथं ‘सावधान’ची पाटी लावली. बायकांनी तिच्यावर ओली लुगडी वाळत घातली. मग त्या पायरीवर रोज सकाळी रांगोळी दिसू लागली. काढणारी अक्का! विधवेच्या रांगोळीचा अपशकुन नको म्हणून लोक पलीकडच्या घाटानं उतरू लागले. महिन्यानं देवळातल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, नटराजला दम भरला, तसा तो रांगोळी धुवायला बादली घेऊन धावला. “अक्का, लोक काय काय बोलताहेत तुला!” “बोलोत बापडे,” रांगोळीच्या तांदूळपिठाचा हात झटकत अक्का म्हणाली. “महिन्याभरात पडलं कोण, ते सांग.” नटराजला एकही नाव आठवेना. त्यानं बादली खाली ठेवली. “ही कड पुसट झालीय. उद्या जरा ठळक काढ.”