दुरुस्त केलेली म्हातारी

जपानमधली एक छोटी कंपनी आपला नवा व्हिडिओ गेम बाजारात आणण्याआधी त्यातल्या चुका शोधायला हैदराबादच्या नागसेनकडे पाठवायची. या खेपेच्या गेममधली म्हातारी, हिरो घरी आला की दर वेळी एकच विचारायची, "जेवलास का?" नागसेननं कंपनीला कळवलं, "तेच तेच बोलते, वैताग येतो." तेवढ्यात मलकपेठहून मायचा फोन आला, "जेवला का रे?"

"रोज तेच काय विचारती गं माय? नक्को विचारत जाऊ!" तो खेकसला.

आठवड्यानं दुरुस्त गेम आला. सोबत निरोप होता, "त्रासाबद्दल माफी असावी. आता ती विचारणार नाही." हिरो घरी आला. म्हातारी दारात बसून नुसती बघत राहिली.

नागसेननं गेम तिथंच थांबवला. त्यानं मायला फोन लावला.

 

"हां, बोल," माय म्हणाली, आणि पुढं काहीच विचारलं नाही.