मडक्यातले घरजावई
सोनेरी बेडकाच्या कातडीत जीव घेणारं विष, म्हणून त्याला आम्ही पानानेच धरतो, उघड्या हाताने कधीच नाही. आणि माझी रांगती लेक त्याला मुठीत धरून चाटत होती! खाणीच्या गाळाने ओढ्यातली डबकी बुजली, तेव्हा नवऱ्याच्या बाणांना विष कमी पडू नये म्हणून मीच बेडकांची पिल्लं मडक्यात वाढवली होती; हा त्यातलाच एक. बेडूक हिसकावून फेकला, तिची जीभ पुसली, आणि तिचा श्वास थांबतोय का बघत बसले. बसवेना, उभी राहिले, पुन्हा बसले. तेवढ्यात नवरा रिकाम्या हाताने शिकारीहून आला आणि घराच्या शिडीवरूनच कडाडला, “तुझ्या मडक्यातल्या बेडकाच्या पाठीवर बाण घासून नेले, तर माकड अंगात घुसलेला बाण उपटून मलाच वाकुल्या दाखवत पळालं! विष येतं रानातल्या मुंग्या खाऊन, बये. तू माश्या भरवून घरजावई पोसलेस!” मी लेकीला छातीशी धरलं. “पुन्हा सांग,” म्हणाले, “माकड पळालं ना?”