मधमाशीचा नाच

बालवर्गाच्या बाई आज मधमाशी शिकवताना रंगात आल्या होत्या. "ती या फुलातले पराग त्या फुलात नेते, म्हणून तर आपल्याला फळं मिळतात. आणि फुलं सापडली की नाचून मैत्रिणींना वाट दाखवते!"

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चिमुरडी उठली आणि काय नाचली म्हणता! कंबर हलतेय, पाय थरथरतायत, नजर दाराकडे.

बाई हरखल्या. "बघा, हिला फुलं सापडली! चला रे हिच्यामागे!"

चिमुरडी पळत सुटली. गूंऽऽ गूंऽऽ करत अख्खा वर्ग तिच्यामागे. व्हरांडा ओलांडून ती थेट बाथरूममध्ये शिरली आणि धाडकन दार लावलं.

आतून रडवेला आवाज आला, "बाई, सगळ्यांना परत न्या ना! मला शू लागलीये!"